लिनक्सचं अपडेट: आज टाकायचं, रविवारी की हंगाम संपल्यावर?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे माझ्या ओळखीतली बरीच जुनी मशिन्स लिनक्सवर आली. सातपूरच्या वर्कशॉपमधला बिलिंगचा कॉम्प्युटर, कॉलेज रोडवरच्या क्लासची लॅब, पंचवटीतल्या लॉजचं रिसेप्शन, पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसचं ऑफिस. कोणी मिंट टाकलं, कोणी उबुंटू. धापा टाकणारं मशीन पुन्हा पळायला लागलं म्हणून सगळे खूश. आणि मग आठवडाभरात प्रत्येकाचा तोच फोन येतो: "खाली अपडेटचं चिन्ह आलंय. टाकू का राहू देऊ?"

विंडोजवर हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही, कारण तिथे बहुतेक वेळा मशीनच परस्पर ठरवून मोकळं होतं. लिनक्सवर निर्णय बराचसा तुमच्या हातात असतो, पण तो कसा घ्यायचा हे कोणी बसून सांगत नाही. त्यामुळे माणसं दोन टोकांना जातात. काहीजण सकाळी मशीन सुरू केलं की आधी अपडेट मारतात, यादी न वाचता. बाकीचे "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" म्हणून दोन-दोन वर्षं चिन्हाकडे बघतही नाहीत. मला दोन्ही रीती पटत नाहीत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे असं वाटतं: अपडेट म्हणजे एकच काम समजणं. यादीत चाळीस ओळी असतील तर त्यात काही आजच्या आज करायच्या असतात, बऱ्याचशा रविवारी निवांत केल्या तरी चालतात, आणि एखादं काम असं असतं की ते हंगामात काढायचंच नाही. या तिन्हींची विभागणी जमली की "टाकू का?" हा प्रश्न बराच सोपा होतो.

आधी यादी वाचायला शिका

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. ब्राउझर हे एक पॅकेज, त्याला लागणारी फोटो उलगडणारी लायब्ररी (म्हणजे अनेक सॉफ्टवेअर मिळून वापरतात तो तयार कोड) हे दुसरं, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा हे आणखी एक. ही पॅकेजेस तुमच्या डिस्ट्रोच्या, म्हणजे मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकाराच्या रेपॉझिटरीतून, एका सामाईक भांडारातून येतात. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं अपडेट वेगळं मागत बसत नाही. सगळ्यांची एकच यादी येते.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी वापरणाऱ्यांसाठी दोन कमांड्स आहेत आणि त्यांच्या नावांमुळे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. 'सुडो ॲप्ट अपडेट' ही कमांड फक्त यादी ताजी करते. मशीनवरचं एकही सॉफ्टवेअर ती बदलत नाही, तेव्हा तिला घाबरायचं काही कारण नाही. प्रत्यक्ष बसवायचं काम 'सुडो ॲप्ट अपग्रेड' करते. या दोन्हींच्या मधे थांबून यादी डोळ्यांखालून घालायची, एवढी एक सवय लावून घ्या. त्यासाठी 'ॲप्ट लिस्ट' लिहून पुढे दोन डॅश आणि 'अपग्रेडेबल' हा पर्याय द्यायचा.

उबुंटू २४.०४ वर त्या यादीत अशा तऱ्हेची एक ओळ दिसेल: 'ओपनएसएसएल/नोबल-अपडेट्स,नोबल-सिक्युरिटी ३.०.१३-०उबुंटू३.५'. दिसायला क्लिष्ट आहे, पण निर्णयाला लागणारं बहुतेक सगळं त्यात आहे. ओपनएसएसएल हे पॅकेजचं नाव. बँकेच्या साइटपासून मेलपर्यंत जिथे जिथे माहिती गुप्त करून पाठवली जाते, तिथल्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात हेच काम करत असतं. 'नोबल' हे उबुंटू २४.०४ चं टोपणनाव. त्याच्यापुढचा 'सिक्युरिटी' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा: हे पॅकेज भांडाराच्या सुरक्षेच्या कप्प्यातून आलंय. ज्या ओळीत फक्त 'अपडेट्स' आहे आणि 'सिक्युरिटी' नाही, तिथे काहीतरी बिघडलेलं दुरुस्त केलंय, पण त्यातून कोणी आत घुसण्याचा धोका नाही. मिंटचा अपडेट मॅनेजर वापरत असाल तर ही विभागणी तो चिन्हांनी दाखवतो. सुरक्षेच्या अपडेटपुढे ढाल असते.

आता आकडे. '३.०.१३' हा ओपनएसएसएल बनवणाऱ्यांनी दिलेला क्रमांक, आणि तो जानेवारी २०२४ मधला आहे. डॅशनंतरचं सगळं उबुंटूवाल्यांनी त्यावर चढवलेल्या दुरुस्त्यांचं आहे. शेवटचा '.५' सांगतो की २४.०४ बाहेर आल्यावर त्याच ३.०.१३ वर दुरुस्त्यांचे हात फिरत राहिलेत.

इथे पुष्कळ जण अडखळतात. कोणीतरी इंटरनेटवर वाचतो की ओपनएसएसएलची याहून कितीतरी नवी आवृत्ती आली आहे, आणि मग मला विचारतो की आपलं मशीन एवढं मागे कसं. ते मागे नाही. डेबियन, उबुंटू, मिंट यांची पद्धतच अशी आहे की आवृत्ती गोठवायची आणि नव्या आवृत्तीतली फक्त सुरक्षेची दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवायची. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यामुळे भगदाड बुजतं, पण सॉफ्टवेअरचं वागणं, मेनू, सेटिंग बदलत नाही. बिलिंगचा कॉम्प्युटर असलेल्या माणसाला हेच हवं असतं. नवा क्रमांक म्हणजे जास्त सुरक्षित, असाही नियम नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाची त्रुटी उघड झाली, जगभर धावपळ झाली. ती १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत होती. ज्यांच्याकडे त्याहून जुनी ०.९.८ होती, त्यांना ती लागूच नव्हती.

सुरक्षेच्या ओळीची घाई का

सुरक्षेचं अपडेट जाहीर होतं तेव्हा दोन गोष्टी एकाच क्षणी होतात. तुमच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होते, आणि दुरुस्तीत नेमकं काय बदललं हे बघून भगदाड कुठे होतं हे वाईट हेतू असणाऱ्यालाही कळतं. लिनक्सचा कोड उघडा असतो. जुना आणि नवा शेजारी ठेवून फरक काढणं जाणकाराला अवघड नाही. म्हणून मोठ्या त्रुटींची माहिती डिस्ट्रोवाल्यांना आधी गुपचूप दिली जाते. त्यांच्या बंद मेलिंग लिस्टवर हे गुपित जास्तीत जास्त १४ दिवस ठेवायचा नियम आहे, आणि मग ठरल्या दिवशी सगळे आपापली अपडेट्स एकदम सोडतात. तोपर्यंत वेळ त्यांचा असतो. त्या दिवसापासून घड्याळ तुमचं.

हे घड्याळ चुकलं की काय होतं याचं मोठं उदाहरण २०१७ चं. अमेरिकेतली इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास सांभाळणारी कंपनी. तिच्या वेबसाइटमागे अपाचे स्ट्रट्स नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या गंभीर त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. कंपनीच्या एका सिस्टीमवर ती बसवली गेली नाही, मे महिन्यात चोर तिथूनच आत शिरले, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. दुरुस्ती हाताशी असून दोन महिने वाया गेले. त्याच मे महिन्यात विंडोजवर वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला. त्याचीही दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

पण म्हणून प्रत्येक सुरक्षेच्या ओळीला हातातलं काम टाकून धावायचं का? नाही. ते मशीन बाहेरून किती उघडं आहे यावर ते ठरतं. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. ओपनएसएसएच म्हणजे लांबून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय. ज्याने भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर आपल्या दुकानाची साइट चढवली आहे, त्याचं एसएसएच सगळ्या जगाला दिसतं. त्याने ते अपडेट त्याच दिवशी टाकायला हवं होतं. लॉजच्या रिसेप्शनवर बसलेल्या मिंटच्या मशीनवर एसएसएच सर्व्हर सहसा सुरूच नसतो. तिथे आठवड्याच्या शेवटी केलं तरी चालण्यासारखं होतं. याउलट जानेवारी २०२२ मध्ये 'पॉनकिट' नावाची त्रुटी उघड झाली. पीकेएक्झेक या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये ती २००९ पासून होती. बाहेरून तिचा उपयोग नव्हता, पण मशीनवर साधं लॉगिन असलेला कोणीही तिच्या आधाराने रूट, म्हणजे सर्वाधिकारी बनू शकत होता. घरच्या लॅपटॉपला यात फार धास्ती नाही. पण कॉलेजच्या लॅबमध्ये, जिथे एकाच मशीनवर दिवसभरात दहा-वीस हुशार पोरं बसतात, तिथे हीच त्रुटी पहिल्या नंबरची.

निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी रोज फवारत नाही, आणि पानावर डाग दिसेपर्यंतही थांबत नाही. छाटणीनंतर किती दिवस झालेत, ढगाळ आहे का, पानावर ओल किती वेळ टिकते हे बघून तो ठरवतो. अपडेटचा निर्णय नेमका याच जातीचा आहे: औषध चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, आपली बाग आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हा आहे.

ब्राउझर मात्र नेहमी पहिल्या रांगेत ठेवा. दिवसभर अनोळखी मजकूर उघडणारं सॉफ्टवेअर तेच आहे, मशीन ऑफिसात असो की घरात. उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या स्वरूपात येतो आणि स्वतःचं स्वतः अपडेट होतो, म्हणून ॲप्टच्या यादीत तो दिसत नाही. त्याने अपडेट झाल्याचं सांगितलं की तो बंद करून पुन्हा उघडायचा. मिंटवर तो यादीतच येतो.

थोडं थांबण्याचंही कारण असतं

घाईच्या बाजूने एवढं बोलल्यावर थांबण्याच्या बाजूनेही बोलायला हवं, आणि त्यासाठी मार्च २०२४ मधली एक्सझेडची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या मते अपडेटबद्दल विचार करणाऱ्या प्रत्येकाला ती नीट माहीत असावी.

एक्सझेड युटिल्स हे फाइली दाबून लहान करणारं साधं पॅकेज. जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं, आणि कोणाचं लक्ष जात नाही असं. ते सांभाळणारा मूळ माणूस एकटा होता, थकलेला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मनापासून मदत करतोय असं दाखवत विश्वास कमावला आणि हळूहळू कारभार हातात घेतला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ अशा आवृत्त्या सोडल्या. त्यांच्यात एक चोरवाट लपवलेली होती. तिच्यातून एसएसएच असलेल्या सर्व्हरवर त्या माणसाला थेट हुकूम चालवता आले असते.

ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. तो मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मुख्य लोकांपैकी आहे. तो वेगळ्याच कशाच्या तरी चाचण्या घेत होता. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्याला खटकलं. त्याने ते तसंच सोडून दिलं नाही, मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. अर्ध्या सेकंदाचा छडा लावणारा हा माणूस नसता तर ते पॅकेज पुढे लाखो सर्व्हरवर गेलं असतं.

आता या गोष्टीतलं आपल्या कामाचं. ती विषारी आवृत्ती तोवर कोणाकडे पोचली होती? डेबियनच्या 'अनस्टेबल' आणि 'टेस्टिंग' या चाचणीच्या शाखांत, फेडोराच्या चाचणीच्या आवृत्त्यांत, आर्चसारख्या सतत नवं देणाऱ्या डिस्ट्रोंत. डेबियनच्या 'स्टेबल'मध्ये ती नव्हती. उबुंटूच्या बाहेर पडलेल्या एकाही आवृत्तीत नव्हती. २४.०४ तेव्हा तयार होत होतं, त्याची बीटा या प्रकारामुळे आठवडाभर पुढे ढकलली गेली.

हे नशीब नव्हतं, रचना होती. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं. तिथे सर्वसाधारणपणे पाच दिवस काही गंभीर निघालं नाही तर टेस्टिंगमध्ये जातं, आणि स्टेबल तर दोनेक वर्षांतून एकदा टेस्टिंगमधूनच घडवलं जातं. म्हणजे तुम्ही डेबियन स्टेबल, उबुंटूची एलटीएस (म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) किंवा मिंट वापरत असाल, तर थांबण्याचं बरंचसं काम तुमच्या वतीने आधीच झालेलं असतं. त्यावर आणखी तीन महिने थांबून तुम्ही काही कमावत नाही. उलट मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या राहून जातात. "थोडं जुनं वापरलेलं बरं" हे खरं आहे, पण ते जुनेपण डिस्ट्रो निवडताना घ्यायचं, अपडेट टाळून नाही.

आर्च किंवा तत्सम रोलिंग डिस्ट्रो वापरणाऱ्यांचं वेगळं. तिथे थांबण्याची आणि वाचण्याची जबाबदारी तुमची. अपडेटआधी आर्चच्या मुखपृष्ठावरच्या सूचना वाचायच्या, आणि अपडेट करायचं तर सगळ्याचं एकत्र. अर्धी पॅकेजेस नवी, अर्धी जुनी हा प्रकार तिथे चालत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांनी शिकण्यासाठी ते जरूर वापरावं. दुकानाच्या गल्ल्यावरच्या मशीनवर मी ते कोणाला सुचवणार नाही.

उबुंटूवर आणखी एक सोय आहे आणि ती अनेकांना बिघाड वाटते. 'ॲप्ट अपग्रेड' चालवल्यावर कधीकधी तो सांगतो की अमुक पॅकेजेस सध्या मागे ठेवली आहेत. घाबरू नका आणि ती जबरदस्तीने बसवायला जाऊ नका. साधी अपडेट्स उबुंटू टप्प्याटप्प्याने सोडतं: आधी दहा टक्के मशिन्सना, मग दर सहा तासांनी आणखी दहा. मधे तक्रारी वाढल्या तर वाटप थांबवता येतं. साधारण अडीच दिवसांत ते तुमच्यापर्यंत येतंच. सुरक्षेच्या अपडेट्सना मात्र हे टप्पे नाहीत. ती सगळ्यांना एकदम मिळतात. टप्प्यांची किंमत काय हे १९ जुलै २०२४ ला विंडोजच्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक सदोष अपडेट सगळीकडे एकदम गेलं आणि सुमारे ८५ लाख मशिन्स निळ्या स्क्रीनवर बसली.

टाकलं, पण लागू झालं का?

हा भाग लोक सर्रास विसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिनक्सवर चालू सॉफ्टवेअरच्या खालून त्याची फाइल बदलता येते. हे सोयीचं आहे, काम न थांबवता अपडेट होतं. पण चालू असलेला प्रोग्रॅम सुरू होताना जी लायब्ररी मेमरीत घेऊन बसला, तीच धरून राहतो. समजा तुमचा वेब सर्व्हर जूनपासून चालू आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही ओपनएसएसएल अपडेट केलं. डिस्कवर नवी फाइल आली, यादी रिकामी झाली, तुम्ही निर्धास्त. प्रत्यक्षात वेब सर्व्हर जूनचंच ओपनएसएसएल वापरतोय, भगदाडासकट. तो सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत अपडेट फक्त कागदावर.

कर्नलचंही तसंच. नवं कर्नल बसतं ते पुढच्या वेळी मशीन सुरू होताना वापरण्यासाठी. "आमचा सर्व्हर चारशे दिवस बंद नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, मग कर्नल किती जुनं चालवताय?

उबुंटूवर रीस्टार्टची गरज असेल तर 'वार' फोल्डरमधल्या 'रन'मध्ये 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार होते. ती दिसली की वेळ ठरवून टाका. सर्व्हरवर 'नीडरीस्टार्ट' हे साधन कोणकोणत्या सेवा जुनी लायब्ररी धरून बसल्यात हे नावानिशी सांगतं. घरच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर एवढ्या खोलात जायची गरज नाही. संध्याकाळी काम संपल्यावर मशीन झोपवण्याऐवजी पूर्ण बंद करत जा, प्रश्न मिटला.

परत फिरायची वाट

किती घाई करायची याचं दुसरं माप म्हणजे बिघडलं तर किती मिनिटांत पूर्ववत करता येईल. ज्याच्याकडे ही सोय तयार आहे त्याला मी बिनधास्त अपडेट टाकायला सांगतो. ज्याच्याकडे नाही, त्याला आधी ती करायला सांगतो.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच बसवलेलं असतं, उबुंटूवर बसवता येतं. ते सिस्टीमची ठरावीक वेळची प्रत, स्नॅपशॉट, ठेवतं. अपडेटने घोळ घातला तर त्या प्रतीवर परत जाता येतं. मात्र टाइमशिफ्ट नेहमीच्या सेटिंगमध्ये तुमच्या होम फोल्डरला, म्हणजे तुमच्या बिलांना आणि फोटोंना हात लावत नाही. त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर वेगळा घ्यायचा. ही दोन कामं एक समजून बसलेले फार लोक आहेत.

कर्नलच्या बाबतीत वाट आयतीच मिळते. नवं कर्नल आलं तरी आधीचं लगेच पुसलं जात नाही. नव्या कर्नलवर वायफाय गेलं, स्क्रीन काळी आली, तर मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं हे विचारणारा मेनू उघडायचा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जायचं आणि आधीचं कर्नल निवडायचं. हा त्रास विशेषतः एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर होतो, कारण त्याचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी जुळवावा लागतो. अशा मशीनवर कर्नल आणि ड्रायव्हर ही ओळ रविवारसाठी राखलेली बरी.

एकासारखी वीस-तीस मशिन्स असतील तर सोपी युक्ती: त्यातलं एक आधी अपडेट करा. त्यावर दोन दिवस खरं काम होऊ द्या, प्रिंटरसकट. ठीक वाटलं की बाकीची. लॅबमध्ये 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवलं तर प्रत्येक पॅकेज इंटरनेटवरून एकदाच उतरतं आणि बाकीच्या मशिन्सना आतल्या आत मिळतं. कनेक्शनवर ताण येत नाही.

एखादं पॅकेज मुद्दाम रोखायचं असेल तर 'ॲप्ट-मार्क होल्ड' ही कमांड आहे. जीएसटी आणि आयकराचं काम करणाऱ्यांना ती कधी कधी लागते, कारण डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर जावाच्या एखाद्या विशिष्ट आवृत्तीवरच चालत असतं. पण रोखलेल्या पॅकेजला सुरक्षेची दुरुस्तीही मिळत नाही. म्हणून होल्ड लावला की कॅलेंडरवर तारीख टाका आणि त्या तारखेला तो काढता येतो का बघा.

वेळ कोणती

करसल्लागाराच्या ऑफिसात महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस साधी अपडेट्स नकोत. जीएसटीआर-१ आणि ३बी तेव्हाच असतात. सुरक्षेचं गंभीर काही आलं तर तेवढंच टाकायचं. बाकी कोणत्याही धंद्यात दिवसाचं शेवटचं काम संपल्यावर, पण बघायला माणूस असताना. रात्री लावून घरी निघून जायचं नाही.

पावसाळ्यात वीज जाते, हे गृहीत धरा. पॅकेज बसत असताना मधेच मशीन बंद पडलं तर ॲप्ट पुढच्या वेळी अडून बसतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर आभाळ गडगडत असताना अपग्रेड सुरू करू नका. झालंच तसं, तर 'सुडो डीपीकेजी' पुढे दोन डॅश, 'कॉन्फिगर', मग एक डॅश आणि 'ए' ही कमांड अर्धवट राहिलेलं काम बहुतेक वेळा पूर्ण करते. बायोस किंवा फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या चिपवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या अपडेटला तर चार्जर लावलेला हवाच. तिथे मधे वीज गेली तर मशीन उठतच नाही असंही होऊ शकतं.

हे सगळं लक्षात ठेवणं ज्यांना जमणार नाही त्यांनी सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसू द्यावीत. उबुंटूवर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे काम आधीपासूनच करत असतं. ते बंद करू नका. मिंटवर अपडेट मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ऑटोमेशन या भागात आपोआप अपडेट चालू करता येतं, पण तिथे फक्त सुरक्षेची नाही, सगळीच अपडेट्स बसतात. माझ्या मते छोट्या धंद्यासाठी हीच सगळ्यात चांगली रीत आहे: सुरक्षा आपोआप, बाकीचं रविवारी हाताने.

आणि मोठं अपग्रेड

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाणं हे अपडेट नाही, घर बदलण्याइतकं मोठं काम आहे आणि त्याला तशीच वेळ काढायला हवी. उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं नियमित आधार मिळतो, त्यामुळे एक आवृत्ती गाळूनही आरामात राहता येतं. उबुंटू स्वतःच जुन्या एलटीएसवाल्यांना नवी आवृत्ती लगेच देत नाही. पहिला दुरुस्तीचा संच, म्हणजे '.१', आल्यावरच विचारतं. २४.०४.१ ऑगस्ट २०२४ च्या शेवटी आलं, आणि अपग्रेडच्या साधनात दोष निघाल्याने तेव्हाही थोडे दिवस वाट बंद ठेवावी लागली. '.१' नंतरही दोन महिने जाऊ द्यावेत असं माझं मत आहे.

द्राक्षाच्या पॅकहाउसला जानेवारी ते एप्रिल श्वास घ्यायला फुरसत नसते. कंटेनरची कागदपत्रं ज्या मशीनवर निघतात तिथे या काळात मोठं अपग्रेड काढायचं नाही. त्यांचा काळ पावसाळ्याचा. पंचवटीतल्या लॉजवाल्यांचं गणित जरा नाजूक आहे. २२.०४ चा नियमित आधार २०२७ मध्ये संपतो आणि त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या अमृतस्नानाच्या पर्वण्या आहेत. रिसेप्शनचं मशीन २२.०४ वर असेल तर अपग्रेड त्या उन्हाळ्याच्या आधी उरकायला हवं: आधी डेटाचा बॅकअप, मग अपग्रेड, मग बिलाचा प्रिंटर आणि ओळखपत्राचा स्कॅनर चालतोय का ही तपासणी. तेवढी सवड मिळालीच नाही तर उबुंटू प्रो घ्या. पाच मशिन्सपर्यंत ते मोफत आहे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आवृत्ती आल्यापासून दहा वर्षं मिळत राहतात. मग सिंहस्थ २२.०४ वरच काढायचा आणि अपग्रेडला दिवाळीनंतरची, खोल्या मोकळ्या असतानाची तारीख धरायची.